संगणकशास्त्राच्या ज्ञाननकाशावरून अभ्यासक्रम बांधताना: कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

अभ्यासक्रम बदलायचा ठरला की बहुतेक अभ्यास मंडळांत एकच प्रकार घडतो. कुणीतरी एसीएम आणि आयट्रिपलई या आंतरराष्ट्रीय व्यावसायिक संघटनांचा संगणक अभ्यासक्रमाचा आराखडा उतरवून घेतं. त्यातली ज्ञानक्षेत्रं डावीकडे, आपले पेपर उजवीकडे आणि मध्ये बरोबरच्या खुणांची रांग. डेटाबेस आहे? आहे. नेटवर्क आहे? आहे. दोन तासांत तक्ता भरतो आणि जुनाच अभ्यासक्रम नव्या मुखपृष्ठासह मंजूर होतो.

अशा तक्त्यांवर मीही सह्या केल्या आहेत. त्यातल्या एका अभ्यासक्रमात ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरात सेमाफोर (एकाच वेळी चालणाऱ्या थ्रेडना आवरणारं साधन) शिकवायचे होते. वर्गातल्या एकाही मुलाने तोवर दोन थ्रेड (एकाच प्रोग्रॅममधल्या कामाच्या स्वतंत्र धारा) एकाच वेळी चालताना पाहिले नव्हते, कारण थ्रेड पुढच्या सेमिस्टरच्या प्रोग्रॅमिंगमध्ये होते. तक्त्यात मात्र दोन्ही चौकटी भरलेल्या होत्या. काय आहे आणि काय नाही एवढंच तक्ता सांगत होता. कशाआधी काय हवं, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

ज्ञाननकाशा म्हणजे दोन गोष्टी: संकल्पनांच्या नोंदी आणि त्या नोंदींना जोडणारे दुवे. खरं काम दुव्यांत आहे आणि लोक नेमकं तेच सोडून देतात. म्हणून खाली दुव्यांवर आणि क्रमावर जास्त वेळ घेतला आहे, बाकीचं झपाट्याने उरकलं आहे.

## पूर्वतयारी

नकाशा निवडा. हाती येणारे नकाशे तीन जातींचे असतात आणि त्यांची सरमिसळ ही पहिली चूक.

पहिली जात शिकवण्यासाठी बनवलेल्या आराखड्यांची. संगणकशास्त्रासाठी २०१३चा (१८ ज्ञानक्षेत्रं) आणि २०२३चा (१७ ज्ञानक्षेत्रं) असे दोन हाताशी ठेवा. यांत क्षेत्र, त्याखाली घटक, त्याखाली उपविषय अशी उतरंड असते. शिवाय गाभ्याचे विषय कोणते, त्यांना किमान किती तास हवेत आणि विद्यार्थ्याने कोणत्या पातळीपर्यंत पोचावं, हेही सांगितलेलं असतं. तुमची पदवी सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची किंवा माहिती प्रणालींची असेल, तर त्या शाखेचा स्वतःचा आराखडा घ्या. संगणकशास्त्राचा घेऊन त्यातून वजाबाकी करत बसू नका.

दुसरी जात वर्गीकरणाची. एसीएमची २०१२ची वर्गीकरण पद्धती शोधनिबंधांना योग्य कप्प्यात टाकण्यासाठी आहे. तिच्यात एक संकल्पना अनेक पालकांखाली असू शकते, ही सोय चांगली. पण तास, पातळी आणि पूर्वज्ञान यांतलं काहीही तिच्यात नाही.

तिसरी जात संशोधन साहित्यातून यंत्राने आपोआप काढलेल्या विषयजाळ्यांची. विषय हजारोंनी असतात, पण पहिल्या वर्षाचा पाया विरळ असतो, कारण ‘लूप कसा लिहावा’ यावर सहसा कुणी शोधनिबंध लिहीत बसत नाही.

आधार पहिल्या जातीचा घ्या. दुसरी नावं एकसारखी ठेवायला वापरा. तिसरी शेवटच्या वर्षाच्या ऐच्छिक पेपरांपुरती.

पुरावे गोळा करा. छापील अभ्यासक्रम पुरेसा नाही. गेल्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका, प्रात्यक्षिकांच्या वह्या आणि शिकवणाऱ्यांनी प्रत्यक्ष लिहिलेलं तासिकांचं नियोजन एकत्र करा. छापील अभ्यासक्रमात पाच घटक असतात. पाचवा बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात स्लाइड दाखवून संपवलेला असतो, हे प्रश्नपत्रिका पाहिली की लगेच कळतं.

माणसं ठरवा. तीन ते पाच पुरेत. त्यांतला एक ‘नकाशा राखणारा’: फाइलमध्ये बदल फक्त तो करेल, बाकीचे सूचना देतील. पहिल्या वर्षाला शिकवणारा एकजण तरी हवाच. वरच्या वर्गांना शिकवणाऱ्यांना ‘हे तर त्यांना येतंच’ असं वाटत असतं, आणि ते तसं नाही हे सांगणारा माणूस बैठकीत लागतो.

दोन पानांची स्प्रेडशीट उघडा. पहिलं पान नोंदींचं: क्रमांक, नाव, मूळ नकाशातली जागा, कोणत्या वर्षीची आवृत्ती, अपेक्षित पातळी, तास, शेरा. दुसरं पान दुव्यांचं: कोणत्या नोंदीपासून, कोणत्या नोंदीपर्यंत, प्रकार, एका वाक्यात कारण, कुणी नोंदवला. कारणाचा रकाना रिकामा ठेवायला परवानगी देऊ नका. सहा महिन्यांनी ‘हा दुवा का घातला होता?’ यावर वाद होतोच.

पुढे कधी हे सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं असेल, तर वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमचं २००९चं ‘स्कॉस’ हे संकल्पना आणि त्यांचे संबंध नोंदवण्याचं मानक उपयोगी आहे. पण त्यातले तयार संबंध ‘अधिक व्यापक’, ‘अधिक संकुचित’ आणि ‘संबंधित’ एवढेच. पूर्वज्ञानाचा संबंध त्यात नाही, तो आपला आपण जोडावा लागतो. सुरुवात मात्र स्प्रेडशीटनेच करा. साधन निवडण्यात पहिला महिना घालवलेल्या समित्या मी पाहिल्या आहेत.

## पायरी १: नकाशा उघडण्याआधी शेवट लिहा

पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याला काय करता यायला हवं, याची आठ ते बारा वाक्यं लिहा. प्रत्येक वाक्यात क्रियापद हवं आणि ते दिसेल असं हवं. ‘डेटाबेसचं सखोल ज्ञान असेल’ हे वाक्य फेकून द्या. ‘दिलेल्या व्यवहारासाठी तक्त्यांची रचना करेल, ती का तशी केली हे समजावेल आणि एखादी क्वेरी संथ का चालते ते शोधून काढेल’ हे चालेल.

ही वाक्यं आधी का? नकाशा आधी उघडला की त्यातलं सगळंच हवंसं वाटतं. २०२३च्या आराखड्यात नुसत्या क्षेत्रांच्या नावांवरून नजर फिरवली, तरी प्रत्येकाला आपापल्या आवडीचं एखादं सापडतं आणि बैठक तिथेच अडकते.

तपासणी: प्रत्येक वाक्य अभ्यास मंडळाबाहेरच्या एका शिक्षकाला दाखवा आणि ‘हे विद्यार्थ्याला येतं का ते कसं तपासाल?’ असं विचारा. दोन मिनिटांत उत्तर आलं नाही, तर वाक्य परत लिहा.

## पायरी २: नोंदींचा आकार ठरवा, मग छाटणी करा

मूळ आराखड्यात एखादा उपविषय अर्ध्या तासाचा असतो, तर दुसरा अख्ख्या सेमिस्टरचा. तसंच उचललं तर ‘ग्राफ’ ही एक नोंद आणि ‘अ‍ॅस्की संकेत’ ही दुसरी, अशी विसंगती तयार होते.

माझा मापदंड असा: एक नोंद म्हणजे एक ते तीन तासिकांत शिकवता येईल आणि जिच्यावर परीक्षेत एक स्वतंत्र प्रश्न विचारता येईल एवढी गोष्ट. ‘ग्राफ’ मोडून ‘ग्राफची मांडणी’, ‘रुंदीनुसार शोध’, ‘खोलीनुसार शोध’, ‘लघुतम मार्ग’ अशा नोंदी करा. ‘अ‍ॅस्की’ला ‘अक्षरांचं संकेतन’ या नोंदीत विरघळवा. त्यात युनिकोडही येईल आणि तासिका सार्थकी लागेल.

मग छाटणी. पायरी १च्या कोणत्याही वाक्याला न लागणारी आणि गाभ्यात नसलेली नोंद बाजूला काढा. पुसू नका, शेऱ्यात ‘वगळली’ लिहून ठेवा. एका पदवीसाठी दोनशे ते तीनशे नोंदी हाताळता येतात. पाचशेच्या वर गेलात की दुवे भरताना माणसं थकतात आणि अंदाजपंचे खुणा करू लागतात.

सावध: दोन आवृत्त्या एकत्र करत असाल तर नावांकडे लक्ष ठेवा. २०१३मधलं ‘माहिती व्यवस्थापन’ २०२३मध्ये ‘डेटा व्यवस्थापन’ झालं, ‘बुद्धिमान प्रणाली’ची ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ झाली आणि ‘विच्छिन्न रचना’ (डिस्क्रीट स्ट्रक्चर्स) विस्तारून ‘गणिती व सांख्यिकी पाया’त गेल्या. ‘संगणकीय विज्ञान’ स्वतंत्र क्षेत्र म्हणून उरलं नाही. आवृत्तीचा रकाना भरलेला नसेल, तर एकच संकल्पना दोन नावांनी दोनदा शिरते.

## पायरी ३: दुवे, म्हणजे सगळ्यात जास्त वेळ इथे

दुवे तीनच प्रकारचे ठेवा.

‘चा भाग’: रुंदीनुसार शोध हा ग्राफ अल्गोरिदमचा भाग आहे.
‘आधी हवं’: लघुतम मार्ग शिकायला ग्राफची मांडणी आधी हवी.
‘सोबतीचं’: रिकर्शन (स्वतःलाच पुन्हा बोलावणारं फंक्शन) आणि गणिती विगमन (इंडक्शन, सिद्धतेची एक रीत). एक शिकलं की दुसरं सोपं जातं, पण अडून काही बसत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पहिल्या प्रकाराला दुसरा समजणं. उतरंडीत वर आहे म्हणून आधी शिकवायचं, असा समज फार खोलवर रुजलेला असतो. ‘प्रोग्रॅमिंग भाषा’ हे क्षेत्र ‘व्हेरिएबल’च्या वर असतं. म्हणून कुणी भाषांचं वर्गीकरण, प्रकार, कंपायलर आणि इंटरप्रिटर हे सगळं पहिल्या पंधरा दिवसांत शिकवायला घेतं. अजून एकही ओळ न लिहिलेल्या मुलांना! उतरंड कपाटाचे कप्पे सांगते. कपाटातलं आधी काय बाहेर काढायचं ते सांगत नाही.

‘आधी हवं’ हा दुवा घालण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: पहिली गोष्ट अजिबात येत नसलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या गोष्टीचं सगळ्यात सोपं उदाहरण सोडवता येईल का? येत असेल तर दुवा ‘सोबतीचं’ या प्रकारात टाका. ही चाचणी लावली नाही तर प्रत्येक गोष्ट प्रत्येक गोष्टीच्या आधी हवी असं वाटू लागतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. डेटाबेसच्या पेपरातली ‘हॅश इंडेक्स’ (माहिती झटकन शोधून देणारी सूची) ही नोंद घ्या आणि उलटं चालत या.

हॅश इंडेक्सच्या आधी दोन गोष्टी हव्यात: हॅश टेबल (किल्लीवरून खणाचा क्रमांक काढून तिथे माहिती ठेवणारी रचना) आणि डिस्कवर माहिती ब्लॉकमध्ये कशी ठेवतात ते. हॅश टेबलच्या आधी अ‍ॅरे हवा, भागाकाराची बाकी काढणं हवं आणि दोन किल्ल्या एकाच खणात पडल्या तर साखळी लावायची म्हणून लिंक्ड लिस्ट हवी. आता खरी गंमत पुढे आहे. हॅश टेबलमध्ये शोध ‘सरासरी’ एका झटक्यात लागतो असं आपण फळ्यावर लिहितो. सरासरी कशाची? इथे संभाव्यतेची तोंडओळख लागते आणि बऱ्याच अभ्यासक्रमांत संभाव्यता डेटा स्ट्रक्चरनंतर येते. मुलं ते वाक्य पाठ करून पुढे जातात. पुढे सगळ्या किल्ल्या एकाच खणात पडून शोध संथ झाला, की असं का झालं ते त्यांना उमगत नाही.

वरची चाचणी लावली तर हॅश टेबलचं सोपं उदाहरण संभाव्यतेशिवाय सोडवता येतं. म्हणून नोंदच मोडा: ‘हॅश टेबल: रचना आणि वापर’ आणि ‘हॅश टेबल: खर्चाचं विश्लेषण’. संभाव्यतेचा दुवा फक्त दुसरीला जातो. नकाशाचा खरा उपयोग इथे दिसतो. पेपरांच्या नावांकडे बघून हे कधीच सापडलं नसतं.

आजोबांचा दुवा लिहू नका. अ‍ॅरे → हॅश टेबल → हॅश इंडेक्स असं लिहिलं की अ‍ॅरे → हॅश इंडेक्स हा दुवा वेगळा नको, वडिलांमार्फत तो येतोच. असे दुवे काढले नाहीत तर नकाशाचा गुंता होतो आणि पुढच्या पायऱ्यांत कामाचं काही दिसत नाही.

फेरा शोधा. कधी कधी क आधी ख, ख आधी ग, आणि ग आधी पुन्हा क असं होतं. शोधायची रीत आपणच वर्गात शिकवतो ती, टोपोलॉजिकल सॉर्टची. ज्यांना कशाचीच पूर्वअट नाही अशा नोंदींना थर ० द्या आणि त्यांचे दुवे खोडा. आता ज्या मोकळ्या झाल्या त्यांना थर १. असंच पुढे. एका टप्प्यावर नोंदी उरल्या आहेत पण मोकळी एकही नाही, असं झालं तर फेरा त्या उरलेल्यांत आहे.

फेरा सापडला की लोक एखादा दुवा डोळे मिटून पुसतात. तसं करू नका. फेरा बहुतेक वेळा खरा असतो आणि एक नोंद दोन पातळ्यांचं काम करते आहे एवढंच तो सांगत असतो. पॉइंटर (मेमरीतला पत्ता साठवणारं व्हेरिएबल) समजायला मेमरीचे पत्ते हवेत, मेमरीची व्यवस्था समजायला चालता प्रोग्रॅम हवा, आणि सी भाषेतला चालता प्रोग्रॅम थोडा वाढवला की पॉइंटर येतो. उपाय: ‘मेमरी’ मोडून ‘मेमरी म्हणजे क्रमांक दिलेले खण’ ही छोटी नोंद आधी ठेवा आणि ‘आभासी मेमरी व पेजिंग’ ही पुष्कळ नंतर. फेरा सुटतो.

तपासणी: ‘आधी हवं’चे वीस दुवे चिठ्ठ्या टाकून उचला आणि ज्याने ते नोंदवले नाहीत अशा शिक्षकाला दाखवा. पाचपेक्षा जास्त दुव्यांवर मतभेद झाला तर पुढे जाऊ नका. चाचणीचा प्रश्न सगळ्यांना सारखा समजलेला नाही.

## पायरी ४: चालू अभ्यासक्रम नकाशावर मांडा

आता कुठे आपले पेपर बाहेर काढायचे. प्रत्येक नोंदीसमोर ती कोणत्या पेपरात, कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या पातळीवर शिकवली जाते ते लिहा. पातळ्या २०१३च्या आराखड्यातल्या तीन सोयीच्या आहेत: ओळख, वापर आणि पारख. २०२३मध्ये समजावणं, वापरणं, पारखणं आणि घडवणं अशा चार आहेत. कोणत्याही घ्या, पण एकच संच घ्या.

पातळी कशावरून ठरवायची? पुराव्यावरून. प्रश्नपत्रिकेत फक्त ‘व्याख्या लिहा’ असेल तर ती ओळख, शिक्षक कितीही मन लावून शिकवत असोत. प्रात्यक्षिकाच्या वहीत स्वतः लिहिलेला आणि चाललेला प्रोग्रॅम असेल तर वापर. दोन पर्यायांतून एक निवडून कारण द्यायला सांगितलं असेल तर पारख.

दोघांनी एकमेकांचं न पाहता भरावं आणि मग जुळवावं. जिथे फरक पडतो तिथेच बहुधा काहीतरी दडलेलं असतं.

सावध: या पायरीवर माणसं दुखावतात. आपल्या पेपरासमोर ‘ओळख’ लिहिलेलं कुणालाच आवडत नाही. म्हणून पान पेपरांच्या क्रमाने न ठेवता नोंदींच्या क्रमाने ठेवा आणि पहिल्या बैठकीत पेपरांचे रकाने झाकून फक्त नोंदींवर बोला.

## पायरी ५: नकाशा वाचा

भरलेल्या पानावरून चार गोष्टी शोधा.

पोकळी. नोंद हवी आहे, पण कुठेच शिकवली जात नाही. हिचा जास्त फसवा प्रकार म्हणजे नोंद शिकवली जाते, पण हव्या त्यापेक्षा खालच्या पातळीवर. आवृत्ती नियंत्रण (कोडमधले बदल नोंदवून ठेवणं) आणि चाचण्या लिहिणं यांची नेहमी हीच गत: सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पेपरात व्याख्या असते, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात मात्र वापर अपेक्षित असतो. मधली पायरी कुणाचीच नाही.

उलटा क्रम. नोंद क आधी हवी, पण ती शिकवली जाते नंतर. दुव्यांच्या पानावर दोन्ही टोकांचं सेमिस्टर आणि आठवडा लिहा आणि वजाबाकी करा. उणे उत्तर आलं की सापडलं. सुरुवातीला सांगितलेलं सेमाफोरचं प्रकरण यात एका मिनिटात दिसलं असतं.

वाया जाणारी पुनरावृत्ती. एकच नोंद तीन पेपरांत असणं वाईट नाही. पातळी चढत असेल तर ते चांगलंच: पहिल्या वर्षी रिकर्शनची ओळख, डेटा स्ट्रक्चरमध्ये वापर, अल्गोरिदममध्ये पारख. पातळी तीच राहत असेल किंवा उतरत असेल तर तास वाया जातात. द्विमान, अष्टमान, षोडशमान रूपांतरं हा माझ्या माहितीतला सगळ्यात चिवट नमुना. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, संगणक रचना आणि प्रोग्रॅमिंगची ओळख अशा तिन्ही पेपरांच्या पहिल्या घटकात तो त्याच पातळीवर बसलेला असतो, आणि प्रत्येक शिक्षकाला वाटतं की आपणच पहिले.

अनाथ नोंद. हिच्यावर पुढचं काही अवलंबून नाही आणि पायरी १च्या एकाही वाक्याला ती लागत नाही. वगळण्यासाठी ही पहिली उमेदवार. मात्र कात्री लावण्याआधी एकदा पाहा: व्यावसायिक नीती किंवा सुलभता (अपंगांनाही वापरता येणं) यांसारख्या नोंदी दुव्यांच्या टोकाला असतात, पण त्या स्वतःच उद्दिष्ट असतात. त्या अनाथ वाटत असतील तर पायरी १ची वाक्यं अपुरी आहेत.

## पायरी ६: तास वाटा

इथली एकच चूक सांगतो, कारण बाकीच्या तिच्यातूनच निघतात: एक ज्ञानक्षेत्र म्हणजे एक पेपर, हे समीकरण.

२०१३च्या आराखड्याचे आकडे बघा. गाभ्याचे दोन स्तर: पहिला १६५ तास, दुसरा १४३, एकूण ३०८. पहिला स्तर पूर्ण हवा, दुसऱ्यातला किमान ८० टक्के. आता क्षेत्रवार बघा. सॉफ्टवेअर विकासाची मूलतत्त्वं ४३ तास, विच्छिन्न रचना ४१, प्रोग्रॅमिंग भाषा २८. माहिती व्यवस्थापन, म्हणजे आपला डेटाबेस, गाभ्यात अवघे १०. नेटवर्कही १०. प्लॅटफॉर्म-आधारित विकासाला गाभ्यात शून्य. आणि सुरक्षा? स्वतःच्या नावावर ९ तास, पण तिचा मोठा वाटा मुद्दाम इतर क्षेत्रांत पेरलेला आहे.

याचा अर्थ डेटाबेसला ४० तासांचा पेपर देऊ नका असा नाही. गाभ्याच्या १० तासांपलीकडचे ३० तास ही तुमची निवड आहे, आराखड्याची सक्ती नाही, हे उघड लिहा म्हणजे झालं. ‘आराखड्यात आहे’ असं म्हणून त्यांचं समर्थन करता येणार नाही. पायरी १चं वाक्य दाखवावं लागेल.

आणखी एक. हे तास व्याख्यानाच्या पद्धतीने विषय मांडायला लागणाऱ्या वेळेचे आहेत. प्रात्यक्षिक, गृहपाठ आणि स्वतःचा अभ्यास त्यांत धरलेला नाही. १५ आठवडे आणि आठवड्याला ३ तासिका म्हणजे कागदावर ४५ तास. चाचण्या आणि बुडालेले दिवस वजा करून ४० धरा. त्या हिशेबाने ३०८ तासांचा पूर्ण गाभा साधारण आठ पेपरांत मावतो. तुमचे गाभ्याचे पेपर सोळा असतील, तर उरलेल्या आठांत काय आहे हे विचारायला हरकत नाही.

तपासणी: प्रत्येक नोंदीचे तास बेरीज करून एकूण उपलब्ध तासांच्या ९० टक्क्यांच्या आत ठेवा. शंभर टक्के भरलेलं वेळापत्रक पहिल्याच आजारपणात कोसळतं.

## पायरी ७: नोंदींचे पेपर बांधा

पायरी ३मध्ये प्रत्येक नोंदीला थर मिळाला आहे. आता जवळच्या थरांतल्या आणि एका ‘कुटुंबातल्या’ नोंदी एकत्र बांधा. ‘चा भाग’ आणि ‘सोबतीचं’ हे दुवे कामाला येतात ते इथे.

इथे एक सापळा आहे आणि हुशार समित्याही त्यात पडतात. नोंदींच्या पातळीवर एकही फेरा नसला, तरी पेपरांच्या पातळीवर फेरा तयार होऊ शकतो. विगमन गणिताच्या पेपरात. रिकर्शन बरोबर चालतं हे सिद्ध करणं डेटा स्ट्रक्चरमध्ये, त्याला विगमन आधी हवं. मर्ज सॉर्टसारख्या रिकर्सिव्ह प्रोग्रॅमचा खर्च मांडणारी आवर्ती समीकरणं पुन्हा गणितात, त्यांना तो प्रोग्रॅम आधी पाहिलेला हवा. म्हणजे नोंदी सरळ रेषेत, पण ती रेषा गणित → डेटा स्ट्रक्चर → गणित अशी ये-जा करते. कोणता पेपर आधी ठेवायचा? कोणताही ठेवला तरी काहीतरी उलटं होणार.

सुटका तीन मार्गांनी होते. एक, दोन्ही पेपर एकाच सेमिस्टरमध्ये ठेवून आठवड्यांचं संयुक्त नियोजन करा. हे उत्तम, पण दोन शिक्षकांनी खरोखर बोलायला हवं. दोन, गणिताचा पेपर दोन सेमिस्टरमध्ये मोडा. तीन, एखादी नोंद पेपर बदलून हलवा: आवर्ती समीकरणं अल्गोरिदमच्या पेपरात गेली तर बिघडत नाही. पहिला मार्ग निवडून नियोजन न करणं, हे मात्र सगळ्यांत वाईट. मी एकदा तसंच केलं होतं. आठव्या आठवड्यात दोन्ही वर्गांत ‘हे तुम्हाला त्या पेपरात शिकवलं असेलच’ असं सांगितलं जात होतं.

तपासणी: बांधलेल्या पेपरांवर थर लावण्याची तीच रीत पुन्हा चालवा. या वेळी नोंदींऐवजी पेपर. सगळ्यांत लांब साखळीही मोजा. ती उपलब्ध सेमिस्टरांइतकीच लांब असेल, तर पहिल्या सेमिस्टरमध्ये नापास झालेल्या मुलाला कुठेच श्वास घ्यायला जागा नाही. किमान एका सेमिस्टरची सवड ठेवा.

## पायरी ८: परीक्षा जोडा आणि फाइल जिवंत ठेवा

प्रत्येक नोंदीसमोर तिची पातळी तपासणारा एक नमुना प्रश्न किंवा प्रात्यक्षिक लिहा. पातळी ‘वापर’ आणि प्रश्न ‘टीप लिहा’ असेल, तर दोन्हीपैकी एक बदला. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून प्रत्येक पेपरातल्या सर्वाधिक पुढचे दुवे निघणाऱ्या दहा नोंदींपासून सुरू करा. त्या कच्च्या राहिल्या तर पुढचे चार पेपर डळमळतात.

मंजुरीनंतर फाइल नकाशा राखणाऱ्याकडेच राहू द्या. प्रत्येक सेमिस्टरच्या शेवटी शिकवणाऱ्यांना दोनच प्रश्न विचारा: कोणती नोंद राहिली? आणि कोणत्या नोंदीला पूर्वज्ञान कमी पडलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थेट दुव्यांच्या पानावर उतरवा, तारीख घालून. एखाद्या दुव्यासमोर सलग दोन वर्षं तीच तक्रार दिसली, तर पुढच्या सुधारणेची वाट न पाहता तेवढी नोंद हलवा. एक नोंद हलवली की फक्त तिच्या मागच्या आणि पुढच्या दुव्यांची वजाबाकी पुन्हा करावी लागते. अर्ध्या तासाचं काम आहे.